गळ्यातल्या तीन तोळ्यांबद्दल

"वस्तीवर लिहितोस, मग गळ्यात एवढं सोनं कशाला?"

हा प्रश्न किती जणांनी विचारला ते मोजणं मी सोडून दिलंय. मी रॅपर आहे, कॉलेजात पाहुणा म्हणून गेलो की दुसरा नाहीतर तिसरा प्रश्न हाच. चळवळीतले मित्र विचारतात. मुलाखतीला आलेली मुलं रेकॉर्डिंग संपल्यावर विचारतात. सख्खी आत्या दर दिवाळीला विचारते. घाईघाईत मी काहीतरी उत्तर देतो आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर ते मलाच पटत नाही. म्हणून एकदा बसून सगळं लिहितोय.

आधी हिशेब. चेन तीन तोळ्यांची, बावीस कॅरेट, हॉलमार्कची. २०२१ च्या धनत्रयोदशीला लक्ष्मी रोडवर घेतली, मजुरी आणि जीएसटी धरून दीड लाखाच्या थोडी आत. हप्त्यावर नाही, कुणी दिलेली नाही. दोन गाणी आणि एका जाहिरातीला दिलेला आवाज, त्याचे ते पैसे. आईच्या गळ्यात तोवर बेन्टेक्सचं मंगळसूत्र होतं. "आधी आईला करायचं" असंही लोक सुनावतात. केलं. त्याच दिवशी, त्याच दुकानात, एक तोळ्याचं. हे मला सांगावं लागतं याचा राग येतो, तरी सांगतो.

चेन घ्यायच्या आधीची सात वर्षं मी चपला घालून स्टेजवर चढलोय. मानधन पंधराशे, कधी वडापाव आणि रिक्षाभाडं, कधी "तुला प्लॅटफॉर्म मिळतोय ना" एवढंच. एका हॉलच्या दारात वॉचमनने मला केटरिंगवाल्यांच्या मागच्या दाराने जायला सांगितलं होतं. त्याच दाराशेजारी लावलेल्या पोस्टरवर माझा फोटो होता. मी मागून गेलो, भांडलो नाही. चेन आली तसे ऑर्गनायझर "सर" म्हणायला लागले आणि निम्मे पैसे आधी खात्यात यायला लागले. आता यातलं किती चेनमुळे आणि किती २०१९ साली 'गली बॉय' आल्यावर सगळ्यांनाच रॅपवाले हवे झाले त्यामुळे, हे मला वेगळं करून दाखवता येणार नाही. पण वॉचमनने पिक्चर बघून मला आत सोडलं, असं मला वाटत नाही.

सोन्याचं वेड आम्ही अमेरिकेतून उचललं म्हणणाऱ्यांना मी पुण्याची आठवण करून देतो. खडकवासल्याचे आमदार रमेश वांजळे अंगावर किलोंनी सोनं घालून फिरायचे तेव्हा मी शाळेत होतो. पुढे पिंपरी-चिंचवडच्या दत्ता फुगेंनी साडेतीन किलोंच्या आसपास सोन्याचा शर्ट करून घेतला, किंमत सव्वा कोटीच्या घरात. २०१६ मध्ये त्यांचा खून झाला. यांपैकी कुणीही रॅप करत नव्हतं. हे उत्तर मी बरीच वर्षं वापरलं आणि त्यावर टाळ्याही घेतल्या. पण त्याने माझ्या चेनबद्दल काय कळतं? दुसऱ्यांनीही घातलं, एवढंच.

माझं मनातलं उत्तर वेगळं आहे. ते मी माइकवरून देत नाही, कारण आपल्या दागिन्यासाठी बाबासाहेबांना पुढे करणं मला बरं वाटत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी बायकांपुढे भाषण केलं होतं. लुगडं वरच्या जातीतल्या बायका नेसतात तसं नेसा, गळाभर गळसऱ्या आणि हातभर कथलाचे दागिने ही आपली जात ओळखू येण्याची खूण आहे, ती टाका, असं ते म्हणाले. कपडा फाटका असला तरी चालेल, स्वच्छ हवा. आणि दागिना घालायचाच असेल तर सोन्याचा घाला, नाहीतर घालूच नका. माझ्या आजीच्या पायात गिलटाची जोडवी होती. तिची सोन्याची ऐपत नव्हती, तिच्या आजीला तर मुभाच नव्हती. ज्या गळ्यात पिढ्यानपिढ्या सोनं चालत नव्हतं, त्या गळ्यात ते दिसावं, रस्त्यावरून जाताना लोकांनी वळून बघावं, हे मला हवं होतं आणि अजूनही हवं आहे. याला कुणी चंगळ म्हटलं की माझं डोकं फिरतं.

पण ते भाषण मी स्वतःलाही अर्धंच सांगत आलो. "सोन्याचा घाला" हे सांगायचो, "नाहीतर घालूच नका" हे सोडून द्यायचो. ते सोडल्यामुळे काय झालं, ते पुढे येतंच.

माझी एक जुनी क्लिप लोक मला दर महिन्याला पाठवतात. २०१६ ची, नदीकाठच्या घाटावरच्या सायफरमधली, म्हणजे गोल करून आळीपाळीने रॅप करायच्या आमच्या बैठकीतली. "गळ्यात साखळी, म्हणे मी मोकळा, वरून मुलामा, आत पितळी माल सगळा." तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. त्या पोराशी मी मनात अजून भांडतो. तो म्हणतो, हिप-हॉप गरिबांच्या पोरांनी उभं केलं, पैसा आला आणि नासलं. मी त्याला ११ ऑगस्ट १९७३ ची गोष्ट सांगतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरच्या १५२० नंबरच्या इमारतीत कूल हर्क या डीजेने ज्या पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या, जिथून हे सगळं सुरू झालं असं मानतात, ती पार्टी त्याची बहीण सिंडी कॅम्पबेल हिने ठेवली होती. कशासाठी? शाळा सुरू होणार होती आणि तिला नवे कपडे घ्यायचे होते. म्हणजे आमच्या कलेचा जन्मच एका पोरीच्या नव्या कपड्यांसाठी झाला. पैसा नंतर आला हे खरं नाही, चार लोकांत नीट दिसायची भूक पहिल्या दिवसापासून होती.

यावर तो बावीस वर्षांचा पोरगा विचारतो, तिकीट किती होतं? मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. त्या इमारतीतल्या पोरांच्या खिशाला झेपेल एवढं. "तुझ्या चेनचं तिकीट कुणी भरलं?" असं तो विचारतो आणि मी गप्प बसतो. कारण ते कुणी भरलं हे मला माहीत आहे.

आमच्याच वस्तीतला पोरगा, दांडेकर पुलाचा. नाव लिहीत नाही. २०२२ च्या पावसाळ्यात रविवारच्या सायफरला यायला लागला, सतराचा असेल. सुरुवातीचे चार रविवार मागे नुसता उभा राहिला. पाचव्या रविवारी त्याने तोंड उघडलं आणि आम्ही सगळे गप्प झालो. त्याची आई अकरा घरची भांडी घासते. त्याने प्रत्येक घराचं एक भांडं घेतलं होतं, एका घरचं करपलेलं दुधाचं पातेलं, एका घरचा वेगळा ठेवलेला तिचा कप, अशी अकरा भांडी. शेवटी घरी आल्यावर ती स्वतःचं ताट तसंच मोरीत टाकून झोपते, तिथे तो थांबला. मी इतकी वर्षं लिहितोय, मला असं जमलेलं नाही.

मी त्याच्या मागेच लागलो. बीटवर कसं बसायचं, श्वास कुठे घ्यायचा, सगळं शिकवलं. गोष्टीही सांगायचो. त्यात डॅपर डॅनची सांगितली होती. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १२५व्या स्ट्रीटवर १९८२ साली त्याने दुकान काढलं, मोठमोठ्या फॅशनवाल्यांची चिन्हं स्वतः चामड्यावर छापून रॅपर लोकांना जॅकेटं शिवून द्यायचा. कंपन्यांनी छापे घालायला लावले, कोर्टात खेचलं, १९९२ ला दुकान बंद पडलं. २०१७ मध्ये गुची या बड्या फॅशन कंपनीने जवळपास त्याचंच जॅकेट आपलं म्हणून काढलं, बोंबाबोंब झाली तेव्हा त्यालाच बोलावून सोबत घेतलं. मी पोरांना म्हणालो होतो, नकली कशाला म्हणायचं हे ज्याच्या हातात दुकान आहे तोच ठरवतो. हे माझंच वाक्य आहे, सायफरच्या वहीत एका पोराने उतरवूनही ठेवलंय.

जानेवारी २०२३ मध्ये त्या पोराला पहिली बॅटल मिळाली, म्हणजे दोन रॅपवाल्यांची समोरासमोरची जुगलबंदी. तेव्हा 'बिग बॉस' चालू होतं आणि ताडीवाला रोडचा रॅपर एमसी स्टॅन त्यात होता. त्याच्या ८० हजारांच्या शूजचं बोलणं घराघरात पोचलं होतं आणि आमच्या गल्लीतली पोरं शूजशिवाय दुसरं बोलत नव्हती. पण यात त्या माणसाला मी ओढणार नाही. वस्तीतून निघून तो तिथवर पोचला, याचा मला आनंदच होता. पोराला सांगितलं ते मी. त्याच्या पायातल्या निळ्या पट्ट्याच्या चपलेकडे बघून म्हणालो, "असा नको येऊस. शूज घे. लोक आधी पाय बघतात, मग ऐकतात." सात वर्षं जे मी सोसलं ते त्याच्या वाट्याला येऊ नये, म्हणून म्हणालो. तेव्हा गळ्यात चेन होतीच.

बॅटल एका कॅफेच्या गच्चीवर होती. परीक्षक तिघे, त्यात मी. पोरगा पांढरे शूज घालून आला. चालताना सारखा खाली बघत होता, डाग पडेल म्हणून. समोरचा मुलगा कॉलेजातला, इंग्रजी-मराठी मिसळून बोलणारा, तयारीचा. पहिला राउंड बरोबरीत गेला. दुसऱ्यात त्या मुलाने बोलता बोलता मोबाइलचा टॉर्च लावला, गुडघ्यावर बसला, माझ्या पोराच्या बुटावर उजेड पाडला आणि शिलाईवर बोट ठेवून म्हणाला, "जसे हे शूज, तशी तुझी ओळ: फर्स्ट कॉपी, फर्स्ट कॉपी." गच्ची उसळली. लोक खुर्च्यांवर चढले.

मी हसलो. व्हिडिओ आहे, त्यात मी दिसतो. मान मागे टाकून हसतोय, चेन छातीवर हलतेय. कुणी धरून हसवलं नव्हतं. पंचलाइन चांगली होती आणि माझ्यातला बॅटलवाला हसला, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. पण पंचलाइन चांगली वाटली, कारण ते शूज नकली आहेत हे मला पोरगा जिना चढून आला तेव्हाच कळलं होतं. मला थोडी लाज वाटली होती, त्याची. त्या हसण्यातून ती बाहेर पडली.

त्याला अकरा भांड्यांची कविता म्हणायची होती. पहिल्या पातेल्याशी अडकला, पुढचं आठवेना. वेळ संपली. तिघांचीही मतं समोरच्याला गेली, माझंसुद्धा.

तो परत सायफरला आला नाही. फोन उचलेना. तिसऱ्या आठवड्यात मी घरी गेलो. तो नव्हता, आई होती. तिने पाणी दिलं, पलंगाखालून खोका काढला. शूज पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले. म्हणाली, "तू ओळखतो ना रे त्या दुकानवाल्याला? हे परत घेईल का तो? दोनदाच घातलेत." भिशी लागली होती तिला, बारा हजारांची. पावसाळ्याआधी पत्रा बदलायचा होता. त्यातले साडेचार हजार पोराने मागून घेतले होते. "दादानं सांगितलंय, लागतातच, म्हणाला. मग म्हटलं घे."

फर्स्ट कॉपीचं बिल नसतं, परत कोण घेणार? मी मान खाली घालून बसलो होतो आणि हाताने चेन टी-शर्टच्या आत सारत होतो. ती ते बघत होती.

साडेचार हजार मी तिच्या हातात दिले. ती घेईना. शेवटी म्हणाली, उसने म्हणून घेते. आणि मार्चपासून दर दहा तारखेला पाचशे रुपये आमच्या घरी आणून दिले, नऊ महिने. मी नको म्हटलं की आई मला आत पाठवायची, "तिचा मान आहे तो" म्हणायची.

आता मला विचारा, चेन का घालतो. सन्मानासाठी म्हटलं तर तो पोरगा आठवतो, ज्याला मी सन्मान मिळवायला पाठवलं आणि कथील घालून उभं केलं. काढून टाकतो म्हटलं तर मागचं दार आठवतं. बावीस वर्षांचा मी म्हणतो, काढ आणि विकून त्यांचा पत्रा घाल. मी त्याला म्हणतो, तुला त्या मावशीचा स्वभाव माहीत नाही. तो म्हणतो, तुला तरी कुठे होता? सायफरला मात्र मी आता ती घालून जात नाही. शोला घालतो. हे दुटप्पी आहे असं एका मुलीने तोंडावर सांगितलं. मला तिला उत्तर देता आलं नाही.

नोव्हेंबरच्या दहा तारखेला मावशी शेवटचे पाचशे घेऊन आली. फिटले म्हणाली, चहा घेतला. मी शोला निघालो होतो, चेन बाहेरच होती. तिने हात पुढे करून ती बोटावर तोलली.

"किती तोळ्याची?"

"तीन."

"चांगली आहे," ती म्हणाली. "मोडू नको. अडीनडीला उपयोगी पडती."

मी विचारलं, तो काय करतोय. पार्सल पोचवतो म्हणाली, रात्री अकराला येतो. लिहितो का, विचारलं. तिने कपबशी उचलली आणि आमच्या मोरीत नेऊन स्वतःच विसळून ठेवली. आई नको नको म्हणत राहिली.