सुतळीची मांडवी

गोव्यात अंध मुलांना शिकवते मी. 4 जानेवारी हा लुई ब्रेलचा जन्मदिवस. दरवर्षी या दिवशी त्याचं चरित्र सांगून होतं: बापाचा खोगीर-लगामाचा धंदा, खेळताना डोळ्यात घुसलेली आरी. मुलांना ते पाठ आहे. यंदा सातवीच्या वर्गात त्याच्या शाळेची गोष्ट काढली.

व्हॅलेंतिन आउईने 1785च्या सुमारास पॅरिसमध्ये काढलेली ती शाळा. तिथली पुस्तकं म्हणजे नेहमीचीच अक्षरं, फक्त कागदावर उठवलेली. ती कशी लागत असतील ते कळावं म्हणून मी पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून देवनागरीत ‘मांडवी’ लिहून नेलं होतं, सोबत तोच शब्द ब्रेलमध्ये. ब्रेलच्या सहा घरांवरून बोट नेताच सगळ्यांनी वाचला. सुतळीवर मात्र बोटं चाचपडत राहिली. सत्तरी तालुक्यातल्या एका मुलाने अनुस्वाराची गाठ धरून विचारलं, "टीचर, हे चुकून राहिलंय का?"

1840मध्ये त्याच शाळेच्या नव्या संचालकाने ब्रेल बंद केली, हे ऐकून वर्ग खवळला. अंधांची लिपी वेगळी झाली तर ते डोळस समाजापासून तुटतील, असं त्याचं म्हणणं. पण अंधुक दिसणारी एक मुलगी म्हणाली, "त्याचं खरंच आहे. सुतळीचं माझ्या आईला वाचता येईल. ब्रेल नाही येणार."

कोणी काही बोलेना. मग तोच सत्तरीवाला म्हणाला, "पण तुला ते लिहिता येईल?"

खरी मेख तिथेच होती. उठावाची अक्षरं छापखान्यातून यायची, मुलांनी फक्त वाचायची. ब्रेलच्या पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचत गेलं, कागद उलटला, की आपलं लिहिलेलं आपल्याच बोटाखाली. बंदी असतानाही पॅरिसची मुलं चोरून टोचत राहिली. 1844मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या समारंभात त्यांनी ते सर्वांसमोर करून दाखवलं. सरकारी मान्यता आली 1854मध्ये. ब्रेल दोन वर्षांपूर्वीच वारला होता. याची मला दरवर्षी चीड येते, आणि ती मी मुलांपासून लपवत नाही.

त्या मुलीचं समाधान झालं नव्हतं. "मग आईला शिकवा ना," म्हणाली.

शनिवारी आई तिला न्यायला आली. परतीच्या बसला वेळ होता. मी दोघींपुढे पाटी ठेवली आणि ‘म’पासून सुरुवात केली. आईचं पहिलंच टिंब कागद फाडून आरपार गेलं. लेकीने तिचा हात धरला नि म्हणाली, "हळू गे, आई."