प्लग काळे, तरी स्कॅनर म्हणतो पेट्रोल कमी

मे महिन्यातली गोष्ट. होटगी रोडवरचे एक टॉवेल कारखानदार काका गाडी घेऊन गॅरेजवर आले. "लिटरला सोळा द्यायची, आता अकरावर आली बघा. दोन ठिकाणी दाखवली, ऑक्सिजन सेन्सर नवा टाकला, इंजेक्टर साफ केले. चेक इंजिनचा दिवा काही जात नाही."

स्कॅनर लावला. मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, हिशोबापेक्षा २२ टक्के जादा पेट्रोल सोडत होता, तरी ऑक्सिजन सेन्सर ०.१ व्होल्टच्या आसपासच, म्हणजे लीनवरच अडकलेला. प्लग काढले तर चारही काजळीनं काळे! पेट्रोल कमी पडलं तर प्लग पांढरट पडतात.

मी बसून विचार केला. इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला दाब, हवेचं तापमान आणि इंजिनाचे फेरे बघून ईसीयू ठरवतो, इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, हे जेमतेम दोन-तीन मिलिसेकंद. एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा हे प्रमाण जमलं की नाही, ते ऑक्सिजन सेन्सर सांगतो. पण त्याला पेट्रोल कळतच नाही, कळतो फक्त धुरातला ऑक्सिजन. मग हा ऑक्सिजन येतोय कुठून?

गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी सहाला, इंजिन पूर्ण गार असताना चालू केलं आणि कान लावला. टिक्‌ टिक्‌ टिक्‌. दोन मिनिटांत आवाज बंद! लोखंड तापून फुगलं की फट दबते. गरम गाडी तपासणाऱ्यांना हा आवाज ऐकू येणारच नव्हता.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं पॅकिंग कडेला जळालेलं होतं, सांध्यावर काळी रेघ उमटलेली. धुराच्या प्रत्येक धक्क्यानंतर दाब क्षणभर उतरतो, तेव्हा बाहेरची हवा त्या फटीतून आत ओढली जाते. आवाज थांबला तरी एवढी फट पुरते. सेन्सरला ऑक्सिजन दिसला की ईसीयू पेट्रोल वाढवतो. बिचारा आपलं काम चोख करत होता, त्याच्यापर्यंत बातमीच चुकीची पोचत होती.

मॅनिफोल्डचं तोंड घासून सपाट केलं, नवं पॅकिंग टाकलं, नट बदलले, ईसीयूची जुनी नोंद पुसली. इंजिन तापल्यावर सेन्सर ०.१ ते ०.९ मध्ये भराभर वरखाली व्हायला लागला. तो तसा हलताना बघायला मला अजूनही फार आवडतं. तुळजापूरला जाऊन आलो तेव्हा जादा पेट्रोल ३ टक्क्यांवर उतरलं होतं.

काढलेला जुना सेन्सर काकांनी डिकीत जपून ठेवला होता. तो परत लावून पाहिला. तोही अगदी ठीक चालत होता.