तुम्ही विचारलंत म्हणून : तिखट ताटाबरोबर क्राफ्ट बिअर कोणती?

सांगली-मिरजेच्या मंडळींचा ठरलेला प्रश्न आहे : "पुण्याला गेलो की दुपारी गॅस्ट्रोपबमध्ये, म्हणजे जेवणावर भर देणाऱ्या पबमध्ये जेवतो. मेन्यूवर सात-आठ बिअर असतात आणि आम्हाला तर तिखट लागतं. मग मागवायचं काय?"

एका शब्दात उत्तर हवं असेल तर गव्हाची. पण त्यामागचं कारण कळलं तर हेच उत्तर कुठे चुकतं तेही कळेल.

सगळ्यात जास्त फसगत आयपीएने होते. इंडिया पेल एल या नावात इंडिया आहे, म्हणून ती आपल्या जेवणाला चालेल असं वाटतं. रश्श्याबरोबर ती अजिबात चालत नाही. बिअरला कडूपणा येतो हॉप्सच्या फुलांमुळे आणि तो आयबीयू या एककात मोजतात, आकडा मोठा तितकी बिअर कडू. आयपीएचा आकडा साधारण ४० ते ७० असतो, जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरचा म्हणजे हेफेवाइझनचा ८ ते १५. मिरचीतला तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, आणि ५ टक्के अल्कोहोलच्या बिअरमध्ये ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. त्यामुळे घोट घेतल्यावर तिखट धुऊन जात नाही, तोंडभर पसरतं. थंडाव्याने क्षणभर बरं वाटतं इतकंच. अल्कोहोलमुळे जिभेच्या नसा जळजळीला आणखी हळव्या होतात, बुडबुड्यांची चुरचुर वेगळीच. त्यावर हॉप्सचा कडूपणा येऊन बसला की चार-पाच घासांत जीभ बधिर होते. मग मसालाही कळत नाही आणि बिअरही.

हेफेवाइझनमध्ये किमान निम्मा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, गव्हाचा असतो. तिचं अंग मऊ, किंचित गोडसर. तिच्या यीस्टमधूनच केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, वरून काही घातलेलं नसतं. मटणाच्या मसाल्यात लवंग असतेच, त्यामुळे दोन्ही वास एकमेकांत सहज मिसळतात. बेल्जियन पद्धतीच्या विटबिअरमध्ये तर धने आणि संत्र्याची साल घालतात. कांदा-लसूण मसाल्यातले धने आणि हे धने जिभेला लगेच ओळखू येतात. पांढरा रस्सा, चिकन, तळलेला मासा यांच्याबरोबर विटबिअर. तांबड्या रश्श्याबरोबर हेफेवाइझन. दोन्ही गढूळच दिसतात. ती बिघडलेली नाही, परत पाठवू नका. रस्सा जास्तच झणझणीत असेल तर इलाज बिअरमध्ये शोधू नका. भाकरी मोडा, दही किंवा तूप घ्या. तिखट खरं उतरतं ते दुधातल्या प्रथिनांनी आणि स्निग्धाने.

आता हे उत्तर चुकतं कुठे? भडंगाला. सांगलीच्या भडंगात तिखट असतं, पण त्याहून जास्त तेल, लसूण, शेंगदाणे आणि मीठ असतं. मिठाने कडूपणा दबतो, आणि बिअरचा कोरडा कडूपणा तोंडातला तेलकटपणा कापतो. म्हणून भडंगाबरोबर पिल्सनर म्हणजे फिकी, कोरडी लागर घ्यावी, २५ ते ४० आयबीयूची. भडंगाइतका चांगला चखणा पिल्सनरला दुसरा नाही, असं आमचं ठाम मत आहे. चीज बर्गर किंवा फ्राइज मागवले असतील तर आयपीएही शोभते, कारणं तीच.

काळ्या बिअरला लोक उगाच घाबरतात. ड्राय स्टाउट बहुतेक वेळा ४ ते ४.५ टक्क्यांचीच असते. रंग येतो तो भाजलेल्या जवामुळे. सुक्या मटणातलं खरपूस खोबरं आणि भाजलेला कांदा यांची चव त्याच जातीची आहे, म्हणून ही जोडी हमखास जमते. शेवटी गोड हवं असेल तर स्टाउटबरोबर तासगावचे मनुके.

पहिल्या फेरीला छोट्या ग्लासांचा सॅम्पलर मिळतो का ते विचारा. फिक्या आणि मऊ बिअरपासून सुरुवात करा, आयपीए शेवटी ठेवा. ती आधी प्यायलात तर मागून आलेली गव्हाची बिअर पाण्यासारखी लागेल.

ग्लासकडे मात्र नीट बघा. आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले असतील आणि फेस लगेच मेला, तर ग्लासला तेलाचा किंवा साबणाचा अंश आहे. रश्श्याच्या वाट्या आणि बिअरचे ग्लास एकाच सिंकमध्ये धुतले की हे होतं. स्वच्छ ग्लासमध्ये प्रत्येक घोटानंतर फेसाची जाळी भिंतीवर राहते. फ्रीझरमधला बर्फाळलेला मग नको म्हणा. फेस उसळतो आणि चव झोपते. पिल्सनरसारखी लागर ४ ते ७ अंशांना, गव्हाची ५ ते ८, स्टाउट ८ ते १२ अंशांना चांगली लागते. पहिल्या घोटाला व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर टॅपची नळी धुतलेली नाही. ओल्या पुठ्ठ्यासारखा आला तर बिअरला हवा लागली आहे. शांतपणे सांगा आणि बदलून घ्या.

सांगलीला कॅन आणायचे असतील तर तारीख बघून घ्या, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. उष्णतेने हॉप्सचा वास सगळ्यात आधी जातो, त्यामुळे आयपीएचं नुकसान सर्वांत जास्त.

परतीचा हिशेबही आधीच करा. आपल्याकडे पिंट म्हणजे ३३० मिलीची बाटली, पबचा मोठा ग्लास बहुधा ५०० मिलीचा. ५ टक्क्यांच्या ५०० मिली बिअरमध्ये जवळपास २० ग्रॅम अल्कोहोल असतं. ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात त्याने १०० मिलीला साधारण ४० मिलिग्रॅमची पातळी येते. वजन कमी असेल तर आणखी जास्त. गाडी चालवणाऱ्याला कायद्याची मर्यादा ३० आहे. पोटात जेवण असलं तर आकडा थोडा खाली येतो, पण त्यावर विसंबू नका. शरीर तासाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास उतरवतं, कॉफीने त्याला वेग येत नाही. खंबाटकीचा घाट आणि पुढचा सगळा रस्ता ज्याला चालवायचा आहे, त्याच्यासाठी पहिल्याच ऑर्डरमध्ये सोलकढी किंवा ताक सांगा. रश्श्याबरोबर तीही उत्तम जाते.