मदरबोर्डवरचं लॅन पोर्ट

आजची अख्खी सुट्टी कॉम्प्युटरच्या लॅन पोर्टने (नेटवर्कची केबल लावायच्या खाचेने) खाल्ली. कालपर्यंत १००० एमबीपीएसवर चालणारं कनेक्शन सकाळी १०० वर घसरलं आणि दुपारी पोर्टचा दिवाच विझला.

पहिला संशय केबलवर. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० एमबीपीएस मात्र चार तारांवर भागतं. त्यामुळे एखादी तार तुटली तरी वेग असाच पडू शकतो. पण तीच केबल लॅपटॉपला लावली तर व्यवस्थित १०००! ड्रायव्हर (पोर्ट चालवणारं सॉफ्टवेअर) काढून परत टाकला, बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) ऑनबोर्ड, म्हणजे मदरबोर्डवरचं, लॅन चालूच होतं. मग दोष विंडोजचा आहे का ते बघायला पेनड्राइव्हवरून लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम सुरू केली (ही पायरी कधीच गाळू नका, विंडोज उगाच पुन्हा टाकणं वाचतं). तिथेही पोर्ट मुकंच. शेवटी पॉवर केबल काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. अडकलेली लॅन चिप पुष्कळदा एवढ्यानेच शुद्धीवर येते. आज नाही आली.

खूप वाईट वाटलं, हा मदरबोर्ड (कॉम्प्युटरचा मुख्य सर्किट बोर्ड) मी स्वतः बसवलाय. पण बाकी सगळं ठणठणीत आहे, एका पोर्टपायी तो फेकणार नाही. मदरबोर्डवरच्या रिकाम्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये (जादा कार्ड बसवायच्या खाचेत) जुनं नेटवर्क कार्ड बसवलं, बायोसमधून ऑनबोर्ड लॅन बंद केलं. हिरवा दिवा लागला तेव्हा केवढं हायसं वाटलं!