रिचीची बाजू

शनिवारी दुपारी कार्डिफच्या स्टेशनावर समोरच्या बाकावर एक बाई सँडविच खात बसल्या होत्या. पन्नाशी उलटलेली, बिबट्याच्या ठिपक्यांचा कोट, डोळ्यांत भरभरून काजळ, गळ्यात गुलाबी पिसांचा बोआ. त्यावर अंडं सांडू नये म्हणून तो एका हाताने मागे धरलेला. त्यांनी माझा टी-शर्ट पाहिला, मी त्यांची पिसं पाहिली. माना हलल्या. झालं. संध्याकाळी मॅनिक्सचा कार्यक्रम, त्यात बोलायचं काय?

मॅनिक्स म्हणजे मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स, वेल्सचा रॉक बँड. मराठी मित्रमंडळी विचारतात, ‘अजून तेच?’ हो, तेच. २००४ साली त्यांचा ‘लाइफब्लड’ हा अल्बम आला तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली आणि मी एकटा भांडत बसलो. आता लोक त्याला चांगला म्हणू लागलेत, तर उलट माझंच डोकं फिरतं. इतकी वर्षं कुठे होतात?

मी अडकलो तो ‘अ डिझाइन फॉर लाइफ’मुळे. त्यांचं १९९६ चं गाणं, आणि सुरुवातच वाचनालयांपासून. बँडमधली ही पोरं दक्षिण वेल्सच्या खोऱ्यांतल्या ब्लॅकवुड गावची. त्या खोऱ्यांत खाणकामगारांनी आपल्या पगारातून पैसे कापून देऊन वाचनालयं उभी केली होती. आमच्या गावच्या नगर वाचनालयात बालविभागाचं कपाट जिन्याखाली असे आणि त्याची किल्ली काकांच्या कमरेला. एका वेळी एकच पुस्तक. मी ते घरी पोचेपर्यंत रस्त्यातच संपवायचो आणि तसाच परत फिरायचो. काका चष्म्यावरून बघत म्हणायचे, ‘आज नेलंस आणि आजच आणलंस? शिक्का वाळला तरी का? उद्या ये.’ मग मी पायरीवर बसून राहायचो. आत कोणी आजोबा पेपर वाचत असायचे, त्यांच्या पेपरचं मागचं पान मला फुकट मिळायचं. आजोबांनी पान उलटलं की क्रिकेट गेलं.

त्याच गाण्यात दारू पिण्याबद्दल एक ओळ आहे, कामगारांना फक्त दारूच हवी असते असं समजणाऱ्यांना चक्क टोमणा. ती नेमकी ग्लास उंचावून म्हणतात सगळे. मला राग येतो. ग्लास माझ्याही हातात असतो, ते सोडा.

आणि कार्यक्रमात उभं राहायचं ते रिचीच्या बाजूला, म्हणजे बँडचा गिटारवाला रिची मंचावर ज्या बाजूला असायचा तिच्यासमोर. तिथे आवाज काही वेगळा ऐकू येत नाही, पण दुसरीकडे मला उभंच राहवत नाही. रिची एडवर्ड्स १ फेब्रुवारी १९९५ ला लंडनच्या हॉटेलातून निघाला. गाडी सेव्हर्न पुलाजवळ सापडली, तो नाही. वय २७. बँडमधले बाकीचे तिघे, जेम्स, निकी आणि शॉन, पुढे वाजवत राहिले. मंचावरची त्याची जागा त्यांनी मोकळी ठेवली, रॉयल्टीतला त्याचा वाटाही बाजूला काढत राहिले. २००९ चा अख्खा अल्बम त्याच्या मागे राहिलेल्या शब्दांवर रचला. हल्ली त्या बाजूला १९९५ नंतर जन्मलेली पोरं दिसतात, छातीवर त्याचा फोटो. यांना कोणी सांगितलं इथे उभं राहायचं?

कायद्याने त्याला मृत मानायची मुभा २००२ पासूनच होती. घरच्यांनी ती नोव्हेंबर २००८ पर्यंत घेतली नाही. मी तर नुसता तिकीट काढून जाणारा माणूस.