पन्हाळा ते पावनखिंड: लेकीची सॅक भरताना

शुक्रवारी रात्री जेवणं उरकली, बाहेरच्या खोलीत जुनी चादर अंथरली आणि माळ्यावरचं ट्रेकचं सगळं सामान तिच्यावर ओतलं. लेक यंदा नववीत गेलीय. पन्हाळा ते पावनखिंड ही वाट ती पहिल्यांदाच माझ्याबरोबर चालणार होती. दोन दिवस, जवळपास ५० किलोमीटर, आणि तेही ऐन आषाढात. ती चादरीच्या कडेला मांडी घालून बसली आणि एकेक वस्तू उचलून विचारायला लागली, "पप्पा, हे कशाला?" ज्या वस्तूचं उत्तर मला चटकन देता आलं नाही, ती परत माळ्यावर गेली. हौसेनं घेतलेलं बरंच काही असं त्या रात्री वर गेलं.

बूट मात्र तिनं हातात घेतले आणि म्हणाली, "हे तर शिवलेत!"

त्याला कारण आहे. बरीच वर्षं झाली. एक महागाची बूटजोडी मी जपून ठेवली होती. चांगल्या ट्रेकसाठी म्हणून चार-पाच वर्षं कपाटात, खोक्यात. मग एका पावसाळ्यात ती घालून याच वाटेवरच्या मसाई पठारावर आलो आणि दुपारच्या आत दोन्ही तळवे सुटून लोंबायला लागले. उरलेली वाट सुतळी बांधून काढली. नंतर कळलं ते असं: अशा बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा एक मऊ थर असतो. हवेतला दमटपणा त्याला आतून खात जातो, बूट वापरा नाहीतर ठेवून द्या. उलट नुसता ठेवलेला बूट धोक्याचा, कारण तो किती कुजलाय ते बाहेरून दिसत नाही. कोल्हापूरच्या पावसाळी हवेत तर बघायलाच नको. तेव्हापासून माझा नियम असा की बूट घेतला की तो महिन्यातून दोनदा तरी पायात पडलाच पाहिजे, मग तो रंकाळ्याला फेरी मारायला का असेना.

आणि नवीन बूट घेतला की पहिला मुक्काम चांभारदादांकडे. ते पापाची तिकटीजवळ बसतात. घरात पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापुरी चपलांचं काम. आपली कोल्हापुरी चप्पल मुळात चामड्याच्या वादीनं शिवलेली असते, तिला खिळा लागत नाही. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यांनी मला आग्रहानं चहा पाजला होता. माझ्या बुटाचा तळवा वाकवून, कडेला अंगठा फिरवून ते म्हणाले होते, "नुसत्या सोल्युशनवर भरवसा नको. कडेनं टाका मारून देतो." मेण लावलेल्या नायलॉनच्या दोऱ्यानं त्यांनी कडेनं शिवण घातली. ते बूट मी आज सहा पावसाळे वापरतोय.

तळव्याची नक्षी खोल हवी, हे तर सगळेच सांगतात. ती कुठून आली हे मी लेकीला सांगितलं. इटलीचे गिर्यारोहक व्हिताले ब्रामानी यांचे सहा सोबती १९३५ मध्ये आल्प्समध्ये दगावले. वादळात अडकले होते आणि पायातले बूट त्या थंडीला आणि बर्फाला पुरे पडले नाहीत. ब्रामानींनी मग दोन वर्षांत खोल खाचांचा रबरी तळवा तयार केला. त्या तळव्याचं व्हिब्रम हे नाव त्यांच्याच नाव-आडनावातून आलंय. लेक बराच वेळ बूट उलटा धरून त्या खाचांकडे बघत बसली.

आमच्या पावसात मी वॉटरप्रूफ बूट घेत नाही. गुडघाभर ओढ्यात उतरलं की पाणी वरून आत येतंच, आणि मग ते बाहेर जायला जागा नसते. दिवसभर पाय पाण्यात मुरत राहतात. त्यापेक्षा जाळीचा बूट बरा. चार पावलं टाकली की पाणी निघून जातं.

शनिवारी सकाळी पन्हाळ्यावर बाजीप्रभूंच्या पुतळ्याला नमस्कार केला आणि राजदिंडीतून खाली उतरलो. आम्ही नऊजण होतो. सगळ्यांत पुढं अण्णा. त्यांचं वय सत्तरीकडं झुकलंय, पण हातातली वेळूची काठी आणि चाल दोन्ही तशीच. म्हाळुंगे मागं पडलं तोवर पावसानं धरलं. सगळ्यांच्या सॅकवर रंगीबेरंगी कव्हरं चढली. मी लेकीच्या सॅकला कव्हर घातलंच नाही. पाणी आत शिरतं ते पाठीकडून, जिथं कव्हर पोचत नाही. त्याऐवजी सॅकच्या आत खताच्या पोत्यातली जाड प्लास्टिकची पिशवी, तीन पाण्यानं धुतलेली. सगळे कपडे तिच्यात, तोंडाला पीळ देऊन, दुमडून, रबर लावलेलं. संध्याकाळी ज्याला कोरडा बनियन मिळतो त्याचा दुसरा दिवस नीट जातो. बाकी ओलं झालं तरी चालतं.

मसाई पठारावर चढलो आणि धुकं आलं. पठार एवढं ऐसपैस आहे की धुक्यात दिशाच राहत नाही. पायाखाली जांभा, गवत, साचलेलं पाणी, सगळीकडं एकसारखं. लेकीच्या गळ्यात मी शिट्टी अडकवली होती. संकटात मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबायचं, परत सहा. ज्यानं ऐकल्या त्यानं मिनिटाला तीन वाजवून उत्तर द्यायचं. ही खूण बऱ्याच देशांतले डोंगरवाले ओळखतात. मसाईदेवीच्या देवळाच्या अलीकडं आमच्यातला एकजण लघवीला म्हणून बाजूला गेला आणि परत येईना. हाका वाऱ्यात विरत होत्या. लेकीनं न सांगता शिट्टी तोंडाला लावली. थोड्या वेळानं उजवीकडून कुठूनतरी तीन बारीक शिट्ट्या आल्या. तो आमच्यापासून शंभर पावलांवर होता आणि भलत्याच दिशेला तोंड करून चालत होता.

पठारावर धनगराची दोन पोरं मेंढरांमागं उभी होती. डोक्यावरून घोंगडीची खोळ, वर प्लास्टिकचा कागद. माझ्या आजोबांची घोंगडी घरी आहे. चिंचोक्याच्या खळीनं ताठ झालेली, अंगाला टोचणारी. लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही, हे त्या घोंगडीनं मला शिकवलं. पिसांची स्लीपिंग बॅग हिमालयात राणी असेल, पण भिजली की तिचा नुसता गोळा होतो. सह्याद्रीच्या पावसात मी ती काढतच नाही. पण आख्खी घोंगडी भिजली की उचलवत नाही. म्हणून तिच्या फाटक्या कडेचा हातभर तुकडा कापून घेतलाय. बसायला घ्यायचा, झोपताना कमरेखाली घ्यायचा, आणि ट्रेकच्या सगळ्या सामानात मला तो सगळ्यात लाडका आहे.

कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी. एकेक वाडी, मध्ये भाताची खाचरं, चिखल, परत रान. जळवांचं फार काही सांगत नाही. लांब मोजे, त्यांच्यावर तंबाखूचं पाणी, आणि लागलीच तर ओढायची नाही, नख सरकवून अलगद सोडवायची.

त्या दिवशीचा मोठा प्रसंग ओढ्यावर घडला. एरवी उडी मारून जाण्यासारखा ओढा मांडीपर्यंत लाल पाण्यानं भरून चालला होता. अण्णांनी काठीनं तळ चाचपला आणि माझ्याकडं बघितलं. मी सॅकमधून २० मीटरचा दोर काढला. साडेदहा मिलिमीटर जाडीचा, कमी ताणला जाणारा. एक टोक आमच्या काठावरच्या झाडाला, दुसरं पलीकडच्या जांभ्याच्या धोंड्याला. दोर सरळ आडवा न बांधता प्रवाहाच्या दिशेनं तिरका बांधला, म्हणजे पाणीच माणसाला पलीकडं ढकलतं. सॅकचे कमरेचे पट्टे सोडायला लावले, आणि कोणालाही दोराला बांधून घ्यायचं नाही असं बजावलं. वाहत्या पाण्यात बांधलेला माणूस घसरला तर तोच दोर त्याला पाण्याखाली धरून ठेवतो. धोंड्याला दोर गुंडाळताना मी खाली पोत्याचा तुकडा घातला होता, पण तो एका कडेनं सरकला. ते माझ्या लक्षात आलं नाही.

दोर ताणायला कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणाऱ्या दाराची धातूची कडी, लावला तेव्हा लेकीनं त्याच्यावरचे आकडे वाचले. इथं मात्र माझा धंदा आडवा आला, कारण मी शिरोलीच्या एका फौंड्रीत काम करतो. रोज ओतकाम बघतो. ओतलेल्या लोखंडात कधी बारीक पोकळी राहते. वरून कास्टिंग गुळगुळीत, आणि आत ब्लोहोल. म्हणून चांगला कॅराबिनर ओतलेला नसतो. सळई वाकवून, ठोकून घडवलेला असतो, धातूचे कण आकाराच्या बाजूनं वळत जातात. त्याच्या अंगावर लांबीला २२ किंवा २४ किलोन्यूटन असं काहीतरी कोरलेलं असतं, म्हणजे साधारण सव्वादोन-अडीच टनांचा भार. तोच आडवा पडला तर ७-८, आणि दार उघडं राहिलं तरी जेमतेम तेवढाच. "म्हणजे वस्तू तीच, पण धरायची पद्धत चुकली की ताकद एवढी कमी?" लेकीनं विचारलं. एवढंच तिला कळावं असं मला वाटत होतं. ज्याच्यावर आकडे नाहीत, असा चावीला लावायचा हुक मी दोराजवळही येऊ देत नाही.

सगळे पार झाले. पण त्यात दीड तास गेला आणि करपेवाडीच्या अलीकडच्या रानात अंधारानं गाठलं. धुकं तर होतंच. सगळ्यांनी कपाळावरचे हेडलॅम्प लावले आणि समोर नुसती पांढरी भिंत उभी राहिली. धुक्यातल्या पाण्याच्या थेंबांवरून उजेड उलटून डोळ्यांत येतो. लेक घाबरली. मी तिचा दिवा कपाळावरून काढून तिच्या हातात दिला आणि कमरेजवळ, जमिनीकडं धरायला सांगितला. भिंत गेली. पायाखालची वाट, दगड, मुळं दिसायला लागली. मग तिनंच मागच्या सगळ्यांना तसं करायला लावलं. माझ्याकडं पाचशे ल्युमेनचा दिवा आहे, पण अशा रात्री मी त्याचा सगळ्यात मंद उजेड वापरतो, आणि जादा सेल कोरड्या डबीत ठेवतो.

१२ जुलै १६६० च्या रात्री महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निघाले ते याच बाजूनं. आषाढ पौर्णिमेची रात्र, पण पावसाळी. शत्रू मागावर, म्हणजे मशाल लावायची सोय नाही. खांद्यावर पालखी आणि पायाखाली हाच चिखल. लेक म्हणाली, "पप्पा, जरा वेळ दिवे बंद करूया?" केले. नऊजण एकमेकांच्या सॅकला धरून अंधारात उभे राहिलो. कोणी बोललं नाही.

करपेवाडीत ज्यांच्या सोप्यात दरवर्षी उतरतो त्या मावशी कंदील घेऊन दारात उभ्याच होत्या. "अगं बाई, पोरगी गारठलीया की! ये चुलीम्होरं, लाजू नगं." मी बूट चुलीजवळ ठेवायला निघालो तर म्हणाल्या, "दादा, लई जवळ नगं. ऊन लागलं की चिकटवल्यालं सुटतंय." मी बूट मागं घेतले, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. आमचा छोटा गॅस त्या रात्री पेटवावाच लागला नाही. भाकरी, खर्डा, वर दही, आणि आम्ही नेलेला गूळ-शेंगदाणे. लेक घोंगडीच्या तुकड्यावर बसून जेवली आणि तिथंच आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला. माळेवाडी, पाटेवाडी, पांढरेपाणी, आणि दुपारनंतर पावनखिंड. खिंडीत उतरलो, फुलं वाहिली. पाणी दोन्ही कडांवरून कोसळत होतं. कासारी नदी याच मुलखातून निघते. पुढं कुंभी, तुळशी, भोगावतीबरोबर तिची पंचगंगा होते आणि आमच्या घरापासून वीस मिनिटांवर वाहते. लेकीला हे ऐकून फार गंमत वाटली.

सोमवारी कामावरून आल्यावर धुण्याचं काम काढलं. बुटांचा चिखल ब्रशनं, घोंगडीचा तुकडा गॅलरीत, आणि दोर साध्या पाण्याच्या टबात. दोर धुतला की तो इंच न्‌ इंच बोटांतून सोडून बघायचा. वरचं विणलेलं आवरण शाबूत दिसलं तरी आतला गाभा तुटलेला असू शकतो, आणि तो फक्त हाताला कळतो. एरवी हे मी एकटा करतो. यंदा लेक समोर बसली. मी टबातून दोर वर काढत होतो, ती चिमटीतून पुढं सोडत होती, टीव्ही चालू होता.

निम्म्यात ती थांबली. मागं गेली, परत त्याच जागेवर आली. "पप्पा, इथं मऊ लागतंय."

मी बोट लावलं. वरून काहीच नव्हतं, जरा लव आलेली, एवढंच. पण वाकवला तर दोर तिथं गोल वळला नाही, चपटा मोडला. धोंड्यावर पोतं सरकलं होतं तीच जागा.

कात्री नको म्हणालो, मेणबत्ती आणि सुरी आण. पातं तापवून तिनं स्वतः दोर कापला, दोन्ही टोकं वितळवून बंद केली. एक तुकडा तेरा मीटरचा निघाला, त्याच्यावर तिनं चिकटपट्टी लावून तारीख लिहिली. मऊ जागेचा वीतभर तुकडा मी कचऱ्यात टाकायला निघालो, तर तिनं तो मागून घेतला. आता तो तिच्या दप्तराच्या चेनला बांधलाय.