मूठ

परवा दुपारी कुकर लावताना तांदळाचं माप सापडेना. एकटीपुरताच भात करायचा होता, म्हणून सरळ डब्यात हात घातला. तर पातेल्यावर मूठ धरली आणि तांदूळ भसकन पडलेच नाहीत. करंगळीच्या कडेनं बारीक धार लागली. ही सवय माझी नव्हे. आजीची.

आमच्या घरात महायुद्ध म्हणजे आजोबा. मराठा पलटण, १९४१ साली एरिट्रियात केरनचे डोंगर, १९४४ साली इटली. यशवंत घाडग्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तीच यांची बटालियन. ट्रंकेत ‘आफ्रिका स्टार’, ‘इटली स्टार’. आजीचं युद्ध एका वाक्यात उरकायचं : ‘तवा म्हातारीनं रान केलं.’

रान केलं म्हणजे नेमकं काय, ते सांगणाऱ्यागणिक बदलतं. थोरल्या आत्याचं म्हणणं, सावडीच्या, म्हणजे आळीपाळीनं वापरायच्या बैलांची पाळी येईना, वाफसा, पेरणीजोगी ओल, निघून चाललेला, तेव्हा आजीनं स्वतःच रुमणं, औताचा दांडा, धरलं. तेही पहाटे, कुणी बघायच्या आत. चुलते म्हणायचे, छे! बाई कशाला औत धरतेय, औत दिरानं धरलं, आजीनं नुसती चाड्यावर, म्हणजे पाभरीच्या बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरली.

त्या ‘नुसती’पाशी मी अडते. बैलांच्या चालीवर दाणा सुटला पाहिजे, पाभरीच्या, त्या पेरायच्या औताच्या, सगळ्या नळ्यांत सारखा. बैल बुजला तरी मूठ बुजून चालत नाही. आणि चूक झाकायची सोय नाही. आठवड्याभरात बाजरी वर आली की बांधावरून जाणाऱ्या येणाऱ्याला मूठ वाचता येते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती मला तुळशीभोवती चालवायची. मुठीत वाळू द्यायची. एका मुठीत वृंदावनाचा फेरा पुरा झाला पाहिजे, रेघ कुठं तुटता कामा नये. माझी वाळू कायम मागच्या बाजूला संपायची. ‘करंगळीनं सोड गं, करंगळीनं!’ ती स्वतः फिरायची तेव्हा फेरा होऊन वर चिमूटभर उरायची. मग ती चिमूट माझ्या डोक्यावर. केस धुवायला लागायचे म्हणून आई चिडायची.

लढाईचं तिला एकदाच विचारलं होतं. म्हणाली, ‘त्या सालांत रॉकेल मिळायचं नाय.’ पुढं काही नाही. पत्री सरकारच्या पोरांना रात्री भाकऱ्या दिल्याचं आत्या सांगायची. म्हणजे दिवसा इंग्रज सरकारची मनीऑर्डर घ्यायची आणि रात्री त्याच सरकारविरुद्धच्या पोरांना जेवू घालायचं. यात काही विसंगत आहे असं घरात कुणालाच कधी वाटलं नाही.

मागं वाटणीच्या वेळी जुने उतारे काढले होते. पिकांच्या नोंदी होत्या, बाजरी, मटकी, जोंधळा. जमीन कोण कसतं त्या रकान्यात साल दर साल एकच शब्द : ‘खुद्द’. वर नाव आजोबांचं. खुद्द तेव्हा इटलीत होते.

भात जरा जास्तच झाला. रात्री फोडणीला टाकला. माप अजून सापडलेलं नाही.